एका चासीचं माहेर

झाळकाम हा काही आपल्या या पानांवरचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. इथं लोणच्याला बुरशी का येते, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, अशाच गोष्टी शोभतात. पण काय करणार, मी पडले हुपरीची! कोल्हापूर जिल्ह्यातलं हे आमचं गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध. माझे वडील कारागीर. मागच्या सोप्यात त्यांची शेगडी, फुंकणी, टाकणखाराची वाटी; आणि पुढच्या सोप्यात दुपारचा स्वैपाक आवरला की आई, काकू, आत्या कड्या जोडायला बसायच्या. आमच्याकडे माणूस ओळखायचा तो हातावरून. एखादा तोडा दुरुस्तीला परत आला की आई तो नुसता उलटा करून बघायची आणि म्हणायची, "ही झाळ धाकट्या भावोजींची. घाई केलीय त्यांनी."

या विद्येचा मला जन्मात एकदाच उपयोग झाला. तो झाला कॅलिफोर्नियात, आणि तोही एका खेळण्यातल्या मोटारीच्या सांगाड्यासाठी.

१९९६ पासून आम्ही लॉस एंजलिसच्या दक्षिणेला ऑरेंज काउंटीत राहतो. शेजारच्या बाई माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे त्या मला नावानं हाक मारतात आणि मीही त्यांना. मनातल्या मनात मात्र मी त्यांना अहो-जाहोच करते. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच होत्या, आणि तेही आपल्या माहेरच्या घरात. वडील १९९१ मध्ये वारले, आई २००३ मध्ये. २०१८ साली त्यांनी घर विकून ॲरिझोनाला लेकीकडे जायचं ठरवलं. मग इथल्या रिवाजाप्रमाणे जुनं सामान मोटारीच्या गराजपुढं मांडून विकायला काढलं. यात इथं कुणाला लाज वाटत नाही हं! चांगले खातेपिते लोक आपल्या जुन्या इस्त्र्या आणि उश्या अंगणात मांडून बसतात. मी मदतीला गेले होते, किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवायला.

त्या सामानात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्याच्यावर बाईंनी चिठ्ठी लावू दिली नाही. आत मऊ फडक्यात गुंडाळलेला पितळेचा आणि पोलादी तारांचा एक सांगाडा होता. लांबी माझ्या तळहाताएवढी. मागं स्पंजासारख्या रबराची दोन जाड चाकं, पुढं दोन बारकी. मध्ये एक छोटी विजेची मोटर, तीही सरळ नव्हे, तिरकी बसवलेली. जाड तारांच्या दोन जोड्या मागून पुढपर्यंत गेलेल्या आणि पितळेच्या नळ्यांनी एकमेकींना बांधलेल्या. आपल्याकडचे मोटार मेकॅनिक जिला 'चासी' म्हणतात, तीच ही, फक्त खेळण्यातली.

"हे माझ्या धाकट्या भावानं केलेलं," बाई म्हणाल्या. "तो व्हिएतनामला जायच्या आधी."

आता ही खेळण्यातली मोटार म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. हिला 'स्लॉट कार' म्हणतात. लाकडी पाटासारखा लांबलचक रस्ता, त्याला एक खाच पाडलेली, आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूची पट्टी. त्या पट्ट्यांतून वीज खेळते. मोटारीच्या नाकाखाली एक जीभ असते, ती खाचेत उतरते. जिभेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या तारांची वेणीसारखी विणलेली फीत असते, ती पट्टीवर घासत वीज घेते. खेळणाऱ्याच्या हातात पिस्तुलासारखी मूठ. घोडा जितका दाबाल तितकी गाडी जोरात. सुकाणू वगैरे काही नाही. सगळं कसब वळणावर हात सैल सोडण्यात. नाही सोडला, तर गाडी खाचेतून उडून थेट समोरच्याच्या पायांत!

याचा प्रसार आधी विलायतेत झाला. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या गृहस्थांची मिनिमॉडेल्स ही कंपनी १९५२ पासून किल्लीच्या पत्र्याच्या मोटारी करी. त्यांत त्यांनी विजेची मोटर बसवली आणि १९५७ साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात 'स्केलेक्स्ट्रिक' मांडलं. पुढच्याच वर्षी लाइन्स ब्रदर्स या बड्या खेळणीवाल्यांनी ती कंपनी विकत घेतली. ते घरात मांडायचं खेळणं. अमेरिकेत गेल्यावर हे खेळणं घराबाहेर पडलं. १९६४ ते ६७ या काळात गावोगावी मोठमोठे हॉल निघाले, तिथं आठ-आठ पदरी ट्रॅक. गाजलेला 'ब्लू किंग' तर १५५ फूट लांबीचा! पोरं तासावर पैसे भरून आपापल्या गाड्या पळवत. सांता आनाची कॉक्स, व्हेनिसची रेव्हेल, अशा आमच्या इकडच्याच कंपन्या त्यात उतरल्या. मोटरी जपानच्या माबुचीकडून येत, त्यांच्यावर इथले कारखानदार आपापले रंग आणि आपापली नावं चढवत. (आपल्याकडचे डबे-भांडी विकणारे करत नाहीत का, तसंच.) आणि १९६८ उजाडेपर्यंत ही लाट ओसरलीदेखील. हॉल बंद पडले, कंपन्यांनी माल कमी भावात काढून टाकला.

पण जी पोरं खरी नादी होती, त्यांना कारखान्यातला सांगाडा पुरत नसे. ती स्वतः पियानोची पोलादी तार आणि पितळेच्या नळ्या आणून झाळ देऊन सांगाडा घडवत. नळ्या अशा मापाच्या मिळत की एक दुसरीत नेमकी बसावी, डब्यात डबा बसतो तशी. त्यातूनच बिजागऱ्या होत. काही जण इतके तरबेज झाले की ते दुसऱ्यांना सांगाडे करून विकू लागले. अशांचं काम आज जुन्या वस्तू जमवणारे लोक चांगली किंमत देऊन घेतात. मात्र यावर सहसा नाव कोरलेलं नसतं. कोण, कधी, कुठं, हे सारं हातावरून आणि घडणीवरूनच ठरवायचं.

हे सगळं ज्ञान मला त्या दिवशी नव्हतं. ते ज्यांच्याकडून मिळालं ते गृहस्थ दुपारी अकराच्या सुमारास आले. साठी उलटलेले, गळ्यात भिंग अडकवलेलं. डब्याकडे नजर जाताच थबकले. विचारून, हात पुसून, मगच त्यांनी सांगाडा उचलला. मागची बाजू बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ४०० डॉलर देतो.

बाई म्हणाल्या, "विकायचा नाही. माझ्या भावाचा आहे. तो १९६७ च्या नोव्हेंबरात गेला, परत आला नाही."

गृहस्थ गप्प झाले. सांगावं की सांगू नये, असं त्यांचं चाललेलं मला दिसत होतं. शेवटी अगदी हळू म्हणाले, "बाईसाहेब, मोटर तिरकी आहे. ही तऱ्हा आली १९६८ मध्ये. आणि काम एखाद्या व्यावसायिकाचं वाटतं."

मोटर मांडायच्या तीन तऱ्हा, त्या त्यांनी मला नंतर समजावल्या. पहिली, मोटर गाडीच्या लांबीत. मग तिचा जोर चाकांच्या आसाकडे न्यायला दात काटकोनात वळवावे लागतात, त्यात थोडा जोर वाया जातो. दुसरी, मोटर आसाला समांतर. जोर सरळ मिळतो, पण दोन चाकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मोटर मावायची पंचाईत. तिसरी ही तिरकी. जोरही मिळतो आणि मोटरही मावते. ती १९६८ सालात पसरली आणि बघता बघता शर्यतीतल्या गाड्या तिरक्या मोटरीच्या झाल्या.

मुलगा नोव्हेंबर ६७ मध्ये गेलेला. १९६८ च्या मे महिन्यात तो मारला गेला.

बाई उठून घरात गेल्या. उरलेलं सामान मीच विकलं.

संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या, हातात तोच डबा. "पन्नास वर्षं मी हे त्याचं म्हणून जपलं," म्हणाल्या. "कुणा तिऱ्हाइताचं निघालं तर मला ते घरात नको. तुझे वडील चांदीचं काम करायचे ना? तू बघ."

आमचे हे इंजिनिअर, त्यांना लगेच मोटर खोलून बघायची होती. मी म्हटलं, "अहो, थांबा जरा. मला आधी नुसतं बघू द्या." दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात, खिडकीपाशी, सुईत दोरा ओवायचं भिंग घेऊन मी बसले. आणि मैत्रिणींनो, आईची आठवण झाली. कारण सांगाडा उलटा केल्याबरोबर मला तिथं दोन हात दिसले.

पुढच्या भागाची झाळ भरमसाट. सांध्यावर गोळे आलेले, पितळ एके ठिकाणी जास्त तापून लालसर पडलेलं. आणि तारांना सांध्याजवळच गंज. याचं कारण मला ठाऊक होतं. पोलादी तारेवर झाळ धरावी म्हणून आधी आम्ल लावतात. काम झालं की ते खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन काढायचं. नाही धुतलं, तर ते वर्षानुवर्षं तार खात बसतं. पुढचा हात उतावळ्याचा होता. झाळ दिली, गार व्हायच्या आत उचलली आणि पळवली शर्यतीला!

मागचा भाग बघावा तर वेगळीच तऱ्हा. झाळ पातळ, सारखी, सांध्यात भरलेली आणि बाहेर कुठं सांडलेली नाही. गंजाचा ठिपका नाही, म्हणजे धुतलेलं, पुसलेलं. ज्या पितळी पत्र्यावर मोटर बसवली होती, त्याच्या कडा कानशीनं घासलेल्या, आणि घासल्याच्या सगळ्या रेघा एकाच दिशेला. हा मुरलेला हात.

आणखी एक गोष्ट. लांब तारांवर, मोटरीच्या थोडं पुढं, राखी रंगाचा एक पट्टा होता. आरपार, सरळ. तिथं आज काहीच जोडलेलं नाही. मुलीचा फ्रॉक आखूड झाला की आपण खालची दुमड उसवून तो लांब करतो, तेव्हा जुन्या टिपेची रेघ कितीही धुतली तरी दिसतेच ना? तशी ती रेघ होती. तिथं पूर्वी काहीतरी आडवं जोडलेलं होतं आणि नंतर ते काढून टाकलं होतं.

मी बाईंना एवढंच सांगितलं, "हे दोघांचं काम आहे. पुढचं आधीचं, मागचं नंतरचं."

त्या गृहस्थांनी आपला नंबर ठेवला होता. बोलावल्यावर पुढच्या रविवारी ते आले, बरोबर १९६६ च्या सुमाराचे दोन सांगाडे घेऊन. दोन्हींत मोटर लांबीत बसवलेली. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते सांगाडे बाईंच्या सांगाड्याशेजारी ठेवले. त्यांच्यात मोटरीचा पुढचा आडवा पत्रा जिथं येत होता, तिथंच जवळजवळ आमची राखी रेघ. मग त्यांनीच आणखी एक खूण दाखवली. पुढच्या चाकांचा आस दोन्ही टोकांना आटे पाडलेला होता आणि चाकं बारक्या नटांनी कसलेली. ही जुनी पद्धत. मागचा आस मात्र साधा गुळगुळीत, चाकं बारीक स्क्रूनं आसावर आवळलेली. ही त्याच्या नंतरची. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," ते मला म्हणाले. "पुढचा अर्धा भाग १९६६-६७ चाच. तुमच्या भावाचा असू शकतो."

"असू शकतो नाही, त्याचाच आहे," बाई म्हणाल्या. "त्याचं सगळंच असं घाईचं असायचं."

आणि मग त्या भावाबद्दल बोलू लागल्या. बावीस वर्षांच्या शेजारात मी हे कधी ऐकलं नव्हतं. तो पेट्रोल पंपावर काम करून पैसे मिळवी आणि सगळे त्या हॉलमध्ये घालवी. आज तिथं गाद्यांचं दुकान आहे. रबरी चाकांना चांगली पकड यावी म्हणून ती पोरं चाकांना विंटरग्रीनचं तेल चोळत. आपल्याकडे कंबर धरली की लावायच्या मलमाला जो वास येतो ना, तोच हा. त्याच्या सदऱ्यांना इतका वास यायचा की आई ते वेगळे धुवायची. पारदर्शक प्लॅस्टिकची गाडीची टपं तो आतून रंगवी. म्हणजे आधी आकडे आणि बारीक रेघा, मग वरचा रंग, सगळं उलट्या क्रमानं. "उलटं लिहायला त्याला छान जमायचं," बाई म्हणाल्या, "सरळ अक्षर मात्र वाचवत नसे."

त्या काळात कॉलेजात नीट शिकणाऱ्या मुलांना सैन्याच्या सक्तीच्या भरतीतून सूट मिळे. १९६७ च्या उन्हाळ्यात हा मुलगा नापास झाला आणि सूट गेली. वडील विमानाच्या कारखान्यात यंत्रावर काम करणारे, कडक शिस्तीचे. घरात मोठं भांडण झालं. पितळेच्या या कचऱ्यापायी तू आयुष्य घालवलंस, असं ते मुलाला बोलले. मुलगा गेला. सहा महिन्यांनी बातमी आली. त्यानंतर वडिलांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नाही, की त्याच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. वॉशिंग्टनला १९८२ साली व्हिएतनामच्या युद्धात पडलेल्यांची काळ्या दगडाची भिंत उभी राहिली. तिच्यावर ५८ हजारांहून जास्त नावं आहेत, ज्या दिवशी ज्याला मरण आलं त्या क्रमानं कोरलेली. बाई आणि त्यांची आई जाऊन आल्या. वडील गेले नाहीत.

"मी बाबांना त्याबद्दल माफ केलं नाही," बाई म्हणाल्या. अगदी साधेपणानं, भाजी महागली म्हणावं तशा स्वरात.

गृहस्थांनी घसा खाकरला. त्यांचं आपलं वेगळंच चाललं होतं. सांगाडा घराबाहेर गेला होता का? भावाच्या मित्रांपैकी कुणी नेऊन परत आणला का? बाई म्हणाल्या, छे, आईनं डबा कपाटात ठेवला होता, तो तिच्या मागं मला मिळाला. मग १९६८ नंतर याची मागची बाजू बदलली कुणी? व्यावसायिकाचा हात आहे म्हणता, तो व्यावसायिक कपाटात शिरला का?

मी त्या कानशीच्या रेघांकडे बघत होते. एका दिशेनं घासणं ही शिकवलेली शिस्त असते. हौशी माणूस कानस पुढं-मागं कशीही चालवतो. माझे वडील नव्या पोराच्या हातावर चापट मारत ती एवढ्याचसाठी. मी विचारलं, "तुमच्या वडिलांची हत्यारं कुठं आहेत?"

"त्यांनी याला हात लावला असेल? शक्यच नाही," त्या म्हणाल्या. पण उठल्या.

हत्यारांची पेटी नातवाला द्यायची म्हणून विक्रीतून बाजूला ठेवलेली होती. लाकडी, अरुंद खणांची, प्रत्येक खणात हिरवी बनात. वरच्या खणांत मापं आणि कंपास, जिथल्या तिथं, तेलाचा हात दिलेले. अगदी खालच्या खणात बनातीखाली काहीतरी जाड लागलं. ते एक मासिक होतं, याच छंदाचं, ऑक्टोबर १९६८ चं. त्याच्यावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली. मुलाच्या नावाची नव्हे. वडिलांच्या स्वतःच्या नावाची. वर्गणी भरून, टपालानं मागवलेलं.

एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्या पानावर तिरक्या मोटरीच्या गाडीचं चित्र, आणि समासात शिसपेन्सिलीनं आकडे. इंचाचे हजारावे भाग, कारखान्यात मोजतात तसे. बाई त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. चारचा आकडा वर उघडा, साताला आडवी रेघ. "बाबांचे सात," त्या म्हणाल्या.

त्याच खणात, कागदात गुंडाळलेले, पितळेचे तीन छोटे पत्रे निघाले. तिन्ही मोटर तिरकी बसवण्याचे, तिन्हींवर टोच्यानं आखलेल्या रेघा. तिन्हींचे कोन एकमेकांपासून जरा जरा वेगळे. म्हणजे चौथा जमला, तो सांगाड्यावर लागला.

आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही. हे बाहेर जाऊन उगीचच आमच्या पाइपाचा नळ बंद करून आले.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "त्या वर्षी थंडीत रात्री उशिरापर्यंत गराजमध्ये दिवा असायचा. मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, गवत कापायच्या यंत्राची पाती घासताहेत." थोडं थांबून म्हणाल्या, "रोज रात्री!"

त्यांनी ते का केलं असेल, हे मी विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही. मे महिन्यात मुलगा गेलेला. ऑक्टोबरात हा बाप नव्या तऱ्हेचं चित्र बघून, चार-चार पत्रे कापून, त्याची गाडी त्या सालच्या चालीची करत होता. पुढचा अर्धा भाग त्यांना आवडला असेल असं मला वाटत नाही. इतक्या नीटनेटक्या माणसाला ते झाळेचे गोळे आणि तो गंज बघवला कसा! सोड्याच्या पाण्याचा एक हात फिरवला असता तरी चाललं असतं. पण पुढच्या भागाला त्यांनी कानससुद्धा लावलेली नाही. मी भिंगानं पुन्हा पुन्हा बघितलं. कुठंही नाही.

गाडी पळते का, हे बघायची हौस त्या गृहस्थांना आणि आमच्या ह्यांना, दोघांनाही अनावर झाली होती. असे हॉल आता थोडे उरलेत. त्यांतल्या एकात ते आम्हांला घेऊन गेले, आमच्या घरापासून मोटारीनं पाऊण तासावर. जिभेची फीत कुजली होती, ती ह्यांनी नवी बसवली, मोटरीत तेलाचे दोन थेंब सोडले. आधी अगदी कमी वीज दिली. मोटर कण्हली, जरा जळका वास आला, आणि गाडी निघाली. मूठ बाईंच्या हातात होती. पहिल्याच वळणावर त्यांनी घोडा इतका सैल सोडला की गाडी थांबलीच. शेजारचा दहा-बारा वर्षांचा मुलगा त्यांना म्हणाला, "आजी, आणखी दाबा!" मग त्यांनी दाबला. सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीआधी गृहस्थांनीच वीज बंद केली, म्हणाले, पुढचे सांधे गंजलेले आहेत, आता पुरे.

परत येताना त्यांनी किमतीचा विषय पुन्हा काढला. माणूस सरळ होता. म्हणाले, नामांकित हाताचा असता तर ४०० दिले असते. एका मुलाचा आणि त्याच्या वडिलांचा म्हटल्यावर बाजारात ७५ डॉलरच्या वर कुणी जायचं नाही. हे ऐकून बाई मोठ्यानं हसल्या. त्या रविवारनंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. "पंचाहत्तर!" त्या म्हणाल्या, "बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी चौथा पत्रासुद्धा मोजून दाखवला असता."

हत्यारांची पेटी ठरल्याप्रमाणे नातवाला गेली, फक्त खालचा खण बाईंनी ठेवून घेतला. त्यात मासिक, तीन पत्रे आणि सांगाडा.

मध्यंतरी ॲरिझोनाहून त्यांचा फोन आला. तिथं हवा कोरडी, तरी पुढच्या सांध्यांचा गंज वाढतोय की काय अशी शंका त्यांना येत होती. मी आमच्या घरचा उपाय सांगितला. कपभर कोमट पाण्यात चहाचा चमचाभर खायचा सोडा घालायचा. दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशनं ते पाणी फक्त सांध्यांना लावायचं, मोटरीला अजिबात लागू द्यायचं नाही. दहा मिनिटांनी साध्या पाण्यात भिजवलेल्या कापडानं दोनदा पुसून घ्यायचं, लगेच केस वाळवायच्या यंत्राच्या वाऱ्यानं कोरडं करायचं आणि शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवायचं. गंज खरवडून काढायचा असेल तर आधी बारीक पॉलिश कागद घ्यावा, असंही सांगितलं.

त्यांनी सगळं लिहून घेतलं. कागदाचं मात्र लिहिलं नाही म्हणाल्या. गंज आहे तेवढा राहू दे, पुढं वाढला नाही म्हणजे झालं.